नारळी पौर्णिमेचं जेवण: सोसायटी ग्रुप, डोंबिवली पूर्व

बुधवार, १८ ऑगस्ट २०२१

ए-६०३ (रात्री ९:०५)
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण वाचा. गेटसमोरची मालवणी खानावळ रविवारपासून बसून जेवायला उघडली. रात्री १० पर्यंत परवानगी आहे, खुर्च्या मात्र निम्म्याच. आज स्टेशनवरून येताना आठच्या सुमारास आत डोकावले. भाऊ गल्ल्यावर, वहिनी आत चुलीपाशी, आणि २८ खुर्च्यांपैकी वापरायच्या १४ रिकाम्या. मार्च २०२० आधी या वेळेला आपण बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसायचो.
येत्या रविवारी नारळी पौर्णिमा. आपला हॉल यंदाही बंदच. ज्यांच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक होणार नाही त्यांनी तिथे जेवावं किंवा पार्सल घ्यावं, असं मला वाटतं. वहिनी करतील: नारळीभात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फदफदं, सोलकढी. ताट १६० रुपये.

बी-१०२ सचिव (९:११)
मध्येच लिहितो, माफ करा. उद्या टाकी साफ होणार, दुपारी २ ते ५ पाणी बंद. बादल्या भरून ठेवा.

ए-२०१ (९:१४)
नारळीभात 😍 आमचे ४

बी-५०४ (९:२०)
ताई, कल्पना चांगली आहे, पण ताट आधी १४० ला होतं ना? लोकांचे पगार कापलेत आणि हे भाव वाढवतायत.

ए-४०१ (९:२६)
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तिसरी लाट सप्टेंबरात येणार असं रोज ऐकतोय. बंद जागेत मास्क काढून जेवायचं, तेही घरी सत्तरीची माणसं असताना? आमच्याकडून नाही. आणि श्रावणात मालवणी खानावळीत जायचं म्हणजे त्याच कढईतलं ना?

ए-६०३ (९:४८)
काका, राग कशाला. तुमचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर येतेच. आधी भावाचं सांगते, कारण मीही भाऊंना तोच प्रश्न विचारला होता.
व्यवसायाचा १९ किलोचा सिलिंडर गेल्या वर्षी मे महिन्यात हजाराच्या आसपास होता, आता सोळाशेच्या आसपास आहे. तेलाचा १५ किलोचा डबा दोन हजारांच्या वर. गाळ्याचं भाडं मालकाने पहिल्या लॉकडाऊनमध्ये दोन महिने सोडलं, नंतर एक रुपयाही नाही. बाकीचे महिने डिपॉझिटमधून वळते झाले, आता डिपॉझिटही संपलं. हे सगळं होऊन ताटामागे २० रुपये वाढलेत.

बी-५०४ (९:५५)
हे माहीत नव्हतं. पण ऍपवर डिस्काउंट मिळतो, मग तिथूनच मागवलं तर? त्यांनाही धंदा, आपल्यालाही स्वस्त.

ए-६०३ (१०:१०)
नेमकं तेच करू नका, ही माझी हात जोडून विनंती. ऍप भाऊंकडून २५ टक्के कमिशन घेतं. १६० च्या ताटाला ४० रुपये, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७ रुपये २० पैसे. हा जीएसटी खानावळीला कुठेही वळता करून मिळत नाही. वर तो डिस्काउंटही बराचसा त्यांच्याच खिशातून. हातात उरतात ११२, त्यातून डबा, पिशवी, गॅस, माणसाचा पगार. गेल्याच महिन्यात रेस्टॉरंटवाल्यांची राष्ट्रीय संघटना याच तक्रारी घेऊन स्पर्धा आयोगाकडे गेली.
आपल्या गेटपासून खानावळ चाळीस पावलं आहे. फोन करा, जाऊन घ्या, यूपीआयने द्या. यूपीआयवर त्यांना काही कापून जात नाही, पूर्ण १६० मिळतात.

बी-३०३ (१०:१४)
मी सप्टेंबरनंतर पगार बघून येईन. सध्या खरंच जमणार नाही ताई.

ए-६०३ (१०:१६)
अगदी बरोबर करताय. ज्याला जमत नाही त्याने अजिबात ओढाताण करू नये. हे कुणावर टाकलेलं काम नाही.

ए-७०१ (१०:२०)
मी एक बोलू का? एप्रिलमध्ये आमच्या घरातले पाचही पॉझिटिव्ह होतो. सतरा दिवस दोन्ही वेळचा डबा याच वहिनींनी पाठवला. भाऊ स्वतः लिफ्टने येऊन दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचे आणि खाली गेल्यावर फोन करायचे. बाबांना गिळता येत नव्हतं तर त्यांच्यासाठी वेगळी पेज असायची. पैसे नंतर द्या म्हणाले आणि शेवटी पेजेचे घेतलेच नाहीत.

बी-६०२ (१०:२२)
आमच्याकडेही.

ए-३०२ (१०:२२)
आमच्याकडेही. आठ दिवस.

गुरुवार, १९ ऑगस्ट

ए-४०१ (सकाळी ७:४०)
रात्री वाचलं. डब्यांचं माहीत नव्हतं, आम्ही तेव्हा गावी होतो. पण उपकार वेगळे आणि संसर्ग वेगळा. वाढणाऱ्या माणसांचं लसीकरण झालंय का? नियमच आहे ना तसा?

ए-६०३ (८:१५)
हो काका, नियम आहे: दोन डोस आणि त्यावर १४ दिवस. भाऊ-वहिनींचं पूर्ण झालंय. वाढपी दोघे, दोघांचा एकच डोस. कोविशील्डला ८४ दिवसांचं अंतर, त्यामुळे त्यांचा दुसरा सप्टेंबरात. म्हणून भाऊंनी दोघांना कामावर बोलावलेलं नाही, पण अर्धा पगार चालू ठेवलाय. वाढायला कुणी नाही, हे टेबलं रिकामी असण्याइतकंच मोठं दुखणं आहे.
आणि श्रावणाचं: पौर्णिमेच्या दिवशी खानावळीत मासळी-मटण काहीच नाही. वहिनींनी श्रावणाची भांडी पहिल्यापासून वेगळी ठेवली आहेत, त्यांच्या सासूबाईंची शिस्त. तुम्ही स्वतः जाऊन बघा, त्यांना आवडेल.

बी-५०४ (८:३०)
मला एक कळत नाही. बंदी उठली, लोक बाहेर पडलेत, तरी गिऱ्हाईक का नाही?

ए-६०३ (८:५८)
कारण त्यांचं गिऱ्हाईक आपण नव्हतोच, हे मला काल त्यांच्याशी बोलताना उमगलं. आपण रविवारचे. त्यांचा रोजचा धंदा दोन जणांवर होता. एक, महिन्याचे मेंबर: भाड्याने राहणारी मुलं, जी वर्क फ्रॉम होम सुरू होताच खोल्या सोडून आपापल्या गावी गेली. अठ्ठावीस मेंबर होते, आज तीन आहेत. दुसरे, रात्री साडेआठ-नऊच्या लोकलने उतरणारे. घरी जाऊन स्वयंपाक करायचं त्राण नाही म्हणून जेवून वर जाणारे. इतके महिने लोकल सर्वसामान्यांना बंद होती आणि खानावळीला चारला कुलूप. नऊच्या गाडीचा माणूसच नाही तर डोंबिवलीत रात्रीची खानावळ चालणार कशावर? आता पास मिळतोय, तोही दोन डोसवाल्यांना.
त्यात जून-जुलै मासेमारी बंद, मग लगेच श्रावण. दरवर्षीही हे तीन महिने त्यांना ओढूनताणूनच काढावे लागतात. पण तेव्हा मागच्या आठ महिन्यांची पुंजी असायची.

ए-२०१ (९:०४)
मग एक दिवस जेवून काय होणार?

ए-६०३ (९:३०)
चांगला प्रश्न विचारलात, रात्रभर माझ्याही डोक्यात तोच होता. एका दिवसाने काही होणार नाही. भाऊ म्हणाले, "ताई, गर्दी नको. किती माणसं येणार तेवढं आदल्या रात्री कळलं तरी मी तरेन." त्यांना दहा माणसांचा भात लावायचा की चाळीसांचा, हेच कळत नाही. सोमवारी बावीस ताटांचं केलं, नऊ गेली. उरलेलं वाटून टाकलं. अशा वेळी नुकसान रिकाम्या खुर्चीपेक्षा शिजवलेल्या अन्नाचं जास्त होतं.
तेव्हा रविवारबरोबरच आठवड्यातला एक ठरलेला वार. बुधवार म्हणते मी. मंगळवारी रात्री ९ पर्यंत आकडा इथे टाकायचा, बुधवारी तेवढंच शिजेल. आकडा टाकला की बदलायचा नाही, एवढी एकच अट.

ए-४०१ (९:४१)
हे पटलं. आत बसायचं नाही यावर मी ठाम आहे. पण बसणाऱ्यांसाठी एक सुचवतो: पाऊण-पाऊण तासाच्या पाळ्या करा, एका पाळीत दोन कुटुंबं, दारं-खिडक्या उघड्या, एसी नको. वाढायला माणूस नाही तर ताटं मांडून ठेवावीत, प्रत्येकाने आपलं उचलावं. पाळ्यांचा तक्ता मी करून देतो. बँकेत असताना हेच केलंय. आमची दोन पार्सल.

ए-६०३ (९:४३)
काका, मनापासून आभार. तक्ता तुम्हीच करा.

बी-१०२ सचिव (९:५०)
सोसायटीकडून काही पैसे घालायचे का? सणाच्या खात्यात दोन वर्षांचे शिल्लक आहेत.

ए-६०३ (९:५५)
साहेब, नको. मी मदतीचं नुसतं नाव काढलं तर वहिनींचा चेहरा उतरला होता. फार तर आगाऊ पैसे द्या, म्हणजे शनिवारी नारळ-गूळ उधारीवर आणावा लागणार नाही.

बी-१०२ सचिव (१०:०२)
ठीक. नोंदलेल्या ताटांचे निम्मे आज संध्याकाळी नेऊन देतो, रविवारी सगळ्यांकडून गोळा करू.

रविवार, २२ ऑगस्ट

ए-४०१ (दुपारी ३:२०)
पाळ्या वेळेत पार पडल्या. एकूण ५७ ताटं: बसून २२, पार्सल ३५. सचिवांकडे ११४ रुपये कमी जमले होते, ए-७०१ ने भरले.

ए-७०१ (३:२४)
पेजेचे आहेत ते 🙏

बी-५०४ (३:३१)
सांबारं जरा तिखट होतं, मुलांना चाललं नाही. वहिनींना सांगितलं, बुधवारी मुलांचं वेगळं काढतील.

ए-६०३ (३:४०)
पातेली रिकामी झाली, काहीच उरलं नाही. वहिनींनी स्वतःसाठी भात पुन्हा लावला. बुधवारी आंबोळी, उसळ आणि सोलकढी, ताट ९० रुपये. आकडे मंगळवारी रात्री ९ पर्यंत. ज्यांना श्रावण संपल्यावर बांगडा हवाय त्यांनी गणपती जाऊ द्या, तोपर्यंत थांबा.

ए-२०१ (३:४२)
आमचे ४

ए-४०१ (३:४५)
२ पार्सल. लिफ्टपर्यंत नको, मी खाली येतो.