प्रतिसाद: आकाशवाणी सरकारी पैशांवर का चालवायची?

वर कुणीतरी म्हटलंय की आता मोबाईल आणि खाजगी एफएम आहे, मग आकाशवाणीला आमच्या करातून पैसे कशाला. अहो पण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्याकडे परवानगीच नाहीये, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे रेडिओवर बातमी हवी तर आकाशवाणीच, दुसरं दुकानच नाही! २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचा आदेश आला होता, मग एवढी ओरड झाली की स्थगिती द्यावी लागली, कुणी ऐकतच नसतं तर बोंब मारली कुणी असती?

बाकी सरकारचा पैसा म्हणजे सरकारचा भोंगा, असंही वर कुणी म्हटलंय, ते मात्र पटलं. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती १९९७ पासून कागदोपत्री स्वायत्त आहे पण पैशाच्या नळाची चावी केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाकडे. पूर्वी रेडिओला लायसन असायचं, आजोबांचं ते पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे, पोस्टात पैसे भरून दरवर्षी तिकिटं चिकटवायची. तसलं काहीतरी थेट श्रोत्यांकडून घ्या की, मी तरी भरीन, बायको नाही भरायची.