सल्ला हवा: बारावीनंतर उपयोजित कला की माध्यमांची पदवी, आणि त्यावर कोकणात राहून पोट भरते का?

कातळवाट (देवगड तालुका)

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावीला, कला शाखेत आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला 'अ' श्रेणी मिळाली आहे. शिवाय गेली काही वर्षे श्रावण लागला की गावातल्या गणपतीच्या चित्रशाळेत ती डोळ्यांची आखणी करते. हे काम मालक सहसा कोणाच्या हाती देत नाहीत, एवढे तिच्या हाताबद्दल सांगता येईल.

तिला उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात, वेष्टन, मांडणी यांसाठी लागणाऱ्या चित्रकलेच्या, पदवीसाठी मुंबईला जायचे आहे. तिच्या मामींचे म्हणणे असे, की घराजवळच्या महाविद्यालयातून माध्यमांची पदवी, म्हणजे बीएएमएमसी, घ्यावी. खर्च कमी होईल आणि वर्तमानपत्र, वाहिनी, जाहिरात अशा सर्व वाटा मोकळ्या राहतील. आमचे उत्पन्न हापूसच्या कलमांवर आहे, म्हणजे एखाद्या वर्षी मोहोर गळला की वर्षाचे गणित बिघडते. त्यामुळे नोकऱ्या नेमक्या कोठे आहेत, सुरुवातीला हातात किती पडतात, आणि शिकून कोकणात परतले तर निभावते का, हे तीन प्रश्न विचारतो. 'खूप स्कोप आहे' हे उत्तर आजवर सर्वांनी दिले आहे, ते कृपया नको.

शाईपेन (रत्नागिरी)

कातळवाट, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे दोन त्यावर अवलंबून आहेत. कोकणात या क्षेत्रातले काम पुष्कळ आहे, पगार मात्र फार थोडे आहेत. दरमहा एक तारखेला पैसे देणारा मालक आपल्याकडे विरळा. बिल केल्यावर पैसे देणारी गिऱ्हाइके मात्र अनेक. मी रत्नागिरीत छपाई आणि डिझाइनचे दुकान चालवतो, म्हणून जे पाहतो तेच लिहितो.

आपल्या भागात डिझाइन म्हटले की लोकांना फ्लेक्स आठवतो. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर ठरतो आणि त्यावरची मांडणी फुकट समजली जाते. वाढदिवस, निवडणूक, नमनाचा कार्यक्रम, सर्वांचे बॅनर रात्री दहाला सांगितले जातात आणि सकाळी सातला हवे असतात. या कामावर बसलेल्या मुलाला छापखाने साधारण दहा ते पंधरा हजार रुपये महिना देतात, आणि आता मोबाइलवरच्या फुकट ॲपमधून गिऱ्हाईक स्वतःच बॅनर करून आणू लागल्यापासून तेही आकसत चालले आहे. चार वर्षे मुंबईत शिकून मुलीने या खुर्चीत बसू नये.

पैसा आहे तो वेष्टनात. कोकम सरबत, फणसपोळी, आमरस, काजूगर विकणाऱ्या प्रत्येकाला डबा-बाटलीवर लेबल लागते, आणि त्यावर काय असावे हे कायद्याने ठरलेले आहे: अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, पोषणमूल्यांचा तक्ता, चौकोनातला हिरवा ठिपका. मुंबईहून करून आणलेले सुंदर लेबल यातली एक ओळ राहिली म्हणून पुन्हा छापावे लागल्याचे मी पाहिले आहे. ज्या डिझाइनरला हे सगळे तोंडपाठ आहे त्याच्याशी बागायतदार घासाघीस करत नाही. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर स्वतःच्या नावाची पेटी काढणारे बागायतदार वाढले, आणि त्यांनाही पेटी, पत्रक, वेबसाइटसाठी फोटो असे सगळे एकाच ठिकाणाहून हवे असते. माझ्याकडे एका लेबलाचे अडीच ते सहा हजार रुपये होतात. दहा-बारा कायमची गिऱ्हाइके असली की घर चालते, परंतु ती जमवायला तीन-चार हंगाम जातात.

हंगाम हा शब्द मुद्दाम वापरला. फेब्रुवारी ते मे आंबा, लग्ने आणि पर्यटन, पुढे गणपती, मग दिवाळी अंकांच्या जाहिराती. जून-जुलैत फोन वाजत नाही. आंब्यावर जगणाऱ्या घराला हे वेगळे समजवायला नको. पण दोन्ही उत्पन्नांचा दुष्काळ एकाच वेळी येतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. देवनागरी अक्षरे नीट बसवता येणारा, ऱ्हस्व-दीर्घ न चुकवणारा डिझाइनर मुंबईतही सहज मिळत नाही. आपली मुलगी मराठी माध्यमातली असेल तर तिने याला कमीपणा न मानता भांडवल मानावे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक (फॉन्ट) मोफत मिळतात. ते उतरवून घेऊन आत्तापासून मांडणीचा सराव करता येईल.

लोकल_आठ_पाच (डोंबिवली, मूळ गाव लांजा)

शाईपेन यांनी गावाकडची बाजू मांडली आहे, मी मुंबईची मांडतो. मी एका जाहिरात संस्थेत आशयलेखन करतो आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना बसतो.

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला साधारण अठरा ते पंचवीस हजार रुपये मिळतात. माध्यमांच्या पदवीधराला बहुधा त्याहून थोडे कमी, आणि त्याआधी सहा महिने पाच-दहा हजारांच्या विद्यावेतनावर काढावे लागतात. मुलाखतीत पदवी कोणती हे आम्ही एकदा विचारतो आणि उरलेला वेळ कामाचे नमुने पाहतो. माध्यमांच्या पदवीची अडचण येथेच आहे: ती मुलाला सगळ्याची तोंडओळख करून देते, आजवर शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता अशी शाखा निवडायला लावते, पण हातात असे कसब देईलच असे नाही, ज्याचे बिल करता येईल. ज्यांनी ती तीन वर्षे संकलन, ध्वनिमुद्रण किंवा लेखन यांतले एक काही स्वतःहून घोटले, त्यांना काम मिळाले. बाकीचे बँकेच्या परीक्षा देत आहेत.

चार-पाच वर्षे टिकल्यावर मात्र चित्र बदलते. चांगला कला-दिग्दर्शक किंवा ॲपच्या पडद्यांची रचना करणारा डिझाइनर पन्नास हजारांच्या वर सहज जातो, आणि पडद्यांचे काम घरूनही करता येते. आमच्याकडचा एक जण गुहागरला राहून काम करतो. पावसाळ्यात वीज गेली की तो सकाळीच निरोप पाठवतो, एवढाच काय तो फरक.

मालिका-चित्रपटांकडे ओढा असेल तर एक गोष्ट ऐकून ठेवावी. तेथे मोबदला दिवसावर किंवा शिफ्टवर ठरतो आणि काम झाल्यावर तीन महिन्यांनी हातात येणे हीच रीत समजली जाते. ते तीन महिने मुंबईत खाण्याराहण्याची सोय ज्याच्याकडे आहे त्यानेच त्या वाटेला जावे.

जुना_वार्ताहर (कणकवली)

पत्रकारितेबद्दल लिहितो, कारण मामींनी वर्तमानपत्राचे नाव काढले आहे. बाळशास्त्री जांभेकर आपल्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी 'दर्पण' काढले आणि त्या दिवशी आपण पत्रकार दिन साजरा करतो. त्या दिवशीच्या सत्कारात तालुक्याच्या वार्ताहराला शाल-श्रीफळ मिळते. नियुक्तिपत्र बहुतेकांना मिळालेले नसते.

तालुका वार्ताहर हा पगारी नोकर नसतो. त्याला छापून आलेल्या बातमीवर किंवा ठोक दोन-पाच हजार मानधन मिळते आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर असते. पंधरा ऑगस्ट, गणपती, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस या पुरवण्यांसाठी त्याला रकमेचे उद्दिष्ट दिले जाते. ज्या सरपंचाच्या रस्त्याची बातमी करायची त्याच्याकडेच जाहिरात मागायला जावे लागते. हे ज्याला पटत नाही तो फार काळ टिकत नाही, आणि ज्याला पटते त्याची बातमी वाचण्याजोगी राहत नाही. जिल्हा कार्यालयात पगारी उपसंपादक असतात, पण त्या खुर्च्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर्तमानपत्रांतल्या नोकरांच्या पगाराबद्दल मजिठिया वेतन मंडळाने केलेल्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. त्यांचा लाभ ज्याचे नाव पगारपत्रकावर आहे त्याला. आमच्यासारख्यांचे नाव तेथे कधी नव्हतेच.

आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र आहे. तेथे आवाजाची चाचणी देऊन नैमित्तिक उद्घोषक होता येते, परंतु महिन्यातून मोजक्याच पाळ्या मिळतात. शिकायला उत्तम, त्यावर संसार नाही.

तरीही पत्रकारिताच करायची असेल तर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रातला मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम किंवा पुण्यातली रानडे इन्स्टिट्यूट पाहावी; पण ते पदवीनंतर. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील माहिती अधिकाऱ्यांची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरतात आणि त्यांना पूर्ण वेतनश्रेणी असते. आमच्या बिरादरीतली बरी म्हणावी अशी ती एकमेव सरकारी वाट, मात्र जाहिरात कधी निघेल याच्या भरवशावर कोणी बसू नये.

कातळवाट (देवगड तालुका)

आपणा सर्वांचे आभार. पत्रकारितेचा विषय घरात मिटला, मामींनीही मान्य केले. आता दोन गोष्टी विचारतो. चित्रकला शिक्षकाची नोकरी हा सुरक्षित मार्ग आहे का? आणि मुंबईला प्रवेश न मिळाल्यास जवळ काही सोय आहे का?

खडू_फळा (चिपळूण)

मी माध्यमिक शाळेत कलाशिक्षक आहे. अनुदानित शाळेत कायम झालेल्या शिक्षकाचा पगार चांगला आहे, यात शंका नाही. परंतु तेथवर पोहोचणे अवघड झाले आहे. निवृत्त होणाऱ्या कलाशिक्षकाची जागा पुन्हा भरली जाईलच असे नाही, कोकणात पटसंख्या घसरत असल्याने पदे कमी होतात, आणि नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून, पगाराऐवजी मानधनावर काढावी लागतात. 2023 पासून माध्यमिकसाठी ते मानधन 18,000 रुपये झाले. त्याआधी ते 8,000 होते. खासगी इंग्रजी शाळा कलाशिक्षक ठेवतात, पण पगार विचारू नये. शिक्षकी हा दुसरा पर्याय म्हणून ठेवावा, पहिला नव्हे.

जवळची सोय म्हणजे आमच्या तालुक्यातले सावर्डे येथील सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट. चित्र आणि शिल्प यांचे शिक्षण तेथे गंभीरपणे दिले जाते आणि निसर्गचित्रणाचा हात तयार होतो. जिची आखणी एवढी चांगली आहे तिने तेथे एकदा जाऊन यावे. मात्र तिला वेष्टन, जाहिरात, पडद्यांची रचना याकडे जायचे असेल तर उपयोजित कलाच घ्यावी. त्यासाठी राज्याची कला प्रवेश परीक्षा असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असे तिचे भाग आहेत. अर्ज बारावीच्या निकालाच्या पुष्कळ आधी भरावा लागतो, आणि गावाकडची मुले तारखेलाच चुकतात. स्मरणचित्रात आपली मुले पुढे असतात, कारण मासळीबाजार, जत्रा, भातलावणी हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. माणसांच्या गर्दीत मागची माणसे लहान काढायला मात्र शिकवावे लागते. संकल्पचित्रात रंगसंगतीचा सराव कमी पडतो, तेथे वेळ द्यावा.

सर जे. जे. उपयोजित कला संस्थेचे शुल्क खासगी महाविद्यालयांच्या मानाने बरेच कमी आहे. तेथे नंबर लागला तर विचार करू नये, पाठवावे.

तारकर्लीचा_कॅमेरा (मालवण)

विषय थोडा बाजूचा, पण मुलीच्या वयाची मुले हल्ली हेच करू पाहतात म्हणून लिहितो. हॉटेल आणि होमस्टेवाल्यांना रील हवे असते, आणि मोबदला म्हणून ते 'दोन दिवस राहा, मासे खा' असे म्हणतात. सुरमई कितीही ताजी असली तरी तिने कॅमेऱ्याचा हप्ता फिटत नाही. मी लग्नांवर आणि वर्षभराच्या करारावर टिकून आहे: तीन रिसॉर्टना महिन्याला ठरावीक फोटो आणि व्हिडिओ द्यायचे, पैसे आगाऊ. ड्रोनवर खर्च करण्याआधी नियम वाचावेत. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर चालकाचे प्रमाणपत्र लागते, आणि विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवताच येत नाही. चिपी विमानतळाच्या आसपास लग्न असेल तर मी आधी नकाशा पाहतो, मग तारीख घेतो.

आणि बिलावर दहा टक्के कर कापला गेला तर घाबरू नये. उत्पन्न कमी असल्यास विवरणपत्र भरून तो परत मिळतो. माझ्या ओळखीतली निम्मी मुले विवरणपत्र भरत नाहीत आणि ते पैसे सोडून देतात.

लोकल_आठ_पाच (डोंबिवली, मूळ गाव लांजा)

कातळवाट, जे. जे. मिळाले नाही तर खासगी महाविद्यालयासाठी कर्ज काढायचे का, हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आकडे देऊन ठेवतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षे मुदत धरली तर चार लाखांचा हप्ता सुमारे 5,300 रुपये पडतो, साडेसात लाखांचा सुमारे 9,900. शिकतानाचे व्याज साचू दिले तर हप्ता आणखी वाढतो. वीस हजारांच्या पहिल्या पगारातून डोंबिवली-कल्याणकडे वाटून घेतलेल्या खोलीचे भाडे, पास आणि जेवण वजा करा. चार लाखांचा हप्ता ओढाताण करून भरता येईल, साडेसात लाखांचा येणार नाही. माझ्या मते चार लाखांपर्यंत जावे, त्यापुढे आंब्याच्या भरवशावर सही करू नये. जे. जे. हुकले आणि खासगी शुल्क चार लाखांहून जास्त असेल तर सावर्डे घ्यावे आणि संगणकावरचे काम शाईपेन यांच्यासारख्या कोणाच्या दुकानात सुट्ट्यांमध्ये शिकावे.

शाईपेन (रत्नागिरी)

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी रत्नागिरीत राहू शकत असेल तर येऊ द्या. एप्रिलमध्ये पेट्यांचे काम जोरात असते आणि मला मराठी मजकूर तपासणारे डोळे लागतातच. महिन्याला सात हजार देईन. फ्लेक्सला बसवणार नाही.