काचेतली कुजकी फळे

काचशिल्प म्हणजे केवळ झगमगाट, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळचे काचकारागीर रुडॉल्फ ब्लाश्का यांनी, वडील लिओपोल्ड यांच्या निधनानंतर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेच्या वनस्पती घडवण्याचे काम एकट्याने १९३६ पर्यंत चालवले आणि त्यातच १९२४ ते १९३२ या काळात चक्क रोगट, कुजलेली फळे केली. ज्योतीवर मऊ केलेली काच चिमट्याने ओढून ते हे नमुने घडवत; काहींत आधाराला आत बारीक तारही असे. वरुडकडे आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या) फळगळीत देठाशी तपकिरी पडलेले, बोट लावताच रुतणारे फळ मी दरवर्षी (नाइलाजाने!) बारकाईने पाहतो. म्हणूनच ब्लाश्कांच्या काचेच्या स्ट्रॉबेरीवरची करडी बुरशी छायाचित्रात पाहताना हात आपोआप धोतराला पुसला गेला.