वजन थोडे वाढले, शरीराचा आकार बदलला, तपासण्या ठीक आहेत. मनाची समजूत कशी घालावी?

मध्यान्ह (प्रश्न)

माझे वय ४४ आणि उंची १५८ सेंटीमीटर आहे. विशी-तिशीत माझे वजन ५४ किलोच्या आसपास स्थिर असे. गेल्या काही वर्षांत ते हळूहळू ६० वर आले आणि आता तिथेच थांबले आहे. ही वाढ फार मोठी नाही, हे मलाही कळते. पाळी अनियमित झाल्यामुळे डॉक्टरांकडे गेले, तेव्हा थायरॉईड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब यांची तपासणी झाली आणि सगळे मर्यादेत निघाले. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळात असे बदल होतात, चालणे वाढवा, एवढे सांगून त्यांनी विषय संपवला.

माझ्या डोक्यात मात्र तो संपत नाही. वजनापेक्षा आकार बदलल्याचे मला जास्त लागते. कंबर दिसेनाशी झाली आहे, ओटीपोट पुढे आले आहे, दंड भरले आहेत. जुन्या पँटचे बटण अजून लागते, पण बसल्यावर ते इतके काचते की कामाच्या ठिकाणी टेबलाआड मी ते काढून ठेवते आणि कोणी हाक मारली की उठण्यापूर्वी चाचपडत लावते. संध्याकाळी पोटावर त्याचा गोल वळ उमटलेला असतो. तरीही एक माप मोठी पँट मी घेतलेली नाही, कारण ती घेतली म्हणजे हे सहा किलो आपण कायमचे पदरात घेतले असे वाटते. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहते आणि अर्धा किलो इकडे-तिकडे झाले तरी दिवसभराचे मन त्यावर ठरते.

शरीर आहे तसे आपलेसे करा, असे काही जण सांगतात. एकदा ढिलाई दाखवली की वजन थांबत नाही, असे दुसरे बजावतात. मला दोघांचेही थोडे थोडे पटते आणि त्यामुळेच काही ठरवता येत नाही. स्वतःशी सलोखा करायचा आणि तब्येतीकडे लक्षही ठेवायचे, हे एकाच वेळी रोजच्या व्यवहारात कसे जमवावे? आहाराचे तक्ते कृपया सुचवू नयेत, ते माझ्याकडे पुष्कळ आहेत.

संथगती

मी व्यायामोपचाराच्या क्षेत्रात काम करते आणि चाळिशीच्या मध्यावर आलेल्या स्त्रियांकडून जवळजवळ असेच वर्णन ऐकते: वजन थोडेच वाढले, पण शरीर दुसऱ्याच कोणाचे वाटते. हा मनाचा खेळ नाही. शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पुरेसे असते तोवर चरबी मुख्यतः नितंब आणि मांड्यांवर साठते. रजोनिवृत्तीच्या सुमारास ते घटू लागले की साठवणीची जागा पोटाकडे सरकते. शिवाय तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि बैठ्या सवयी असल्या तर ही घट अधिक जाणवते. त्यामुळे काट्यावर सहा किलोच दिसत असले, तरी चरबी त्याहून थोडी जास्त वाढलेली आणि स्नायू थोडे घटलेले असू शकतात. उद्या वजन पुन्हा ५४ झाले तरी पंचविशीतला आकार परत येईलच असे नाही, ही गोष्ट कोणी स्पष्टपणे सांगत नाही, आणि माझ्या मते खरी हळहळ तिथेच आहे.

वय वाढले की चयापचयाचा वेग मंदावतो, हे वाक्य तुम्ही ऐकले असेलच. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाच्या मोजणीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि त्यातील चरबी वगळून उरणारे वजन हिशेबात घेतले, तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतरची घटही वर्षाला एक टक्क्याहून कमी असते, असे त्यात दिसले. म्हणजे शरीराने दगा दिला असे मानण्याचे कारण नाही. झोप तुटणे, बैठे काम वाढणे, स्नायू कमी होणे अशा बारीकसारीक गोष्टी वर्षानुवर्षे साचत जातात, एवढेच.

तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २४ येतो. हे सूत्र मुळात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात मांडले, तेही सरासरी माणसाचे वर्णन करण्यासाठी. लठ्ठपणा मोजण्याचा त्यांचा हेतू नव्हता. स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे, यातले काहीच त्यातून कळत नाही. त्यापेक्षा एक साधी टेप घ्या. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा ढोबळ पण उपयोगी निकष आहे. तुमच्या बाबतीत ७९ सेंटीमीटर ही ती सीमा. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध धरावी, श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये. दोन-तीन महिन्यांतून एकदा मोजले तरी पुरे.

वजनकाटा मात्र रोजच्या वापरातून काढा. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायू आणि यकृतात साठणारी साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. मीठ जास्त झाले, पाळी जवळ आली, आदल्या दिवशी जेवण उशिरा झाले, तरी किलो-दीड किलोचा फरक पडतो. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा ती एका रात्रीत चढत नाही आणि उतरतही नाही. तुमचा सकाळचा मूड बहुतांशी पाण्यावर ठरतो आहे.

प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा सोडून देतात. तुमच्या वयात मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो. वजन उतरवण्यासाठी म्हणून तो करू नका. खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते, जड पिशवी किती दूर नेता येते, याची नोंद ठेवा. हे आकडे वाढवता येतात, आणि आरशाकडे वळलेले लक्ष शरीर काय करू शकते याकडे वळते.

जुना_धूम्रपायी

मी पुरुष आहे आणि माझे कारण वेगळे, पण अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो. सिगारेट सोडल्यावर माझे पोट सुटले. सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच, हे डॉक्टरांनी आधी सांगितले असते तर मी इतका बिथरलो नसतो. मधे एकदा वजनाच्या धास्तीने पुन्हा ओढायला सुरुवात करण्याचा विचारही आला होता. तेव्हा बायकोने एकच विचारले, जिना चढताना दम आता जास्त लागतो की तेव्हा लागायचा? त्यानंतर मी कंबरपट्ट्याला नवे भोक पाडून घेतले.

स्पष्ट_बोलणारा

वरच्या दोन्ही प्रतिसादांतील आपुलकी मान्य करूनही थोडा वेगळा सूर लावतो. थोडीशी वाढ पूर्णपणे निरुपद्रवी असते, असा समज धागा वाचणाऱ्यांनी करून घेऊ नये. तरुणपणापासून मध्यम वयापर्यंत झालेली अडीच ते दहा किलोंची वाढदेखील मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचा धोका काही प्रमाणात वाढवते, असे अमेरिकेत परिचारिकांच्या आणि आरोग्यसेवेतील पुरुषांच्या मोठ्या गटांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०१७ साली मांडले गेले. आशियाई वंशाच्या लोकांत धोका तुलनेने कमी इंडेक्सला सुरू होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली त्यांच्यासाठी २३ हा इशाऱ्याचा आकडा सुचवला. तसे पाहिले तर २४ म्हणजे काहीच नाही, असे म्हणता येणार नाही.

शिवाय वजनवाढीमागे औषध आहे का, हेही पाहावे. स्टिरॉइड, इन्सुलिन, काही नैराश्यविरोधी आणि मनोविकारांवरील औषधे, फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकते. ती स्वतःहून बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. आणि वजन काही दिवसांत झपाट्याने वाढले, पायांवर सूज आली, आडवे झाल्यावर धाप लागली, तर तो या धाग्याचा विषयच नाही; त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. धागाकर्तीने निदान दोन-तीन किलो उतरवण्याचा प्रयत्न करावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

संथगती

धोक्याबद्दल तुम्ही लिहिले ते बरोबर आहे, म्हणूनच मी कंबर मोजायला सांगितले. परंतु त्यावरून थेट वजन उतरवण्याच्या मोहिमेकडे वळणे मला पटत नाही, विशेषतः जिचे मन आधीच अर्ध्या किलोवर हेलकावे खाते तिच्या बाबतीत. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले होते. वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. सोबत ते चिडचिडे झाले, खिन्न झाले आणि रात्रंदिवस खाण्याचाच विचार करू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर अनेकांची चरबी मूळच्या पातळीच्याही वर गेली. पुढे १९७२ साली केटलेंच्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव देणारे कीज हेच. तो प्रयोग टोकाचा होता, हे मान्य. तरी कडक आहाराने मनाचे काय होते, याची कल्पना त्यावरून येते.

साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची वेळच्या वेळी तपासणी, ताकदीचा व्यायाम आणि पुरी झोप, एवढे केले तर तुम्ही सांगता तो धोका वजन न उतरताही कमी होतो. त्यातून वजन उतरले तर उतरू द्यावे. आणि मध्यान्ह, जेवण टाळणे, खाल्ल्यावर उलटी काढणे किंवा शरीराचाच विचार दिवसाचा बराच भाग खाणे, यातले काही होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नको.

मध्यान्ह

सर्वांचे आभार. तितके टोकाचे काही नाही. काल टेप लावली, ७७ आली. काटा कपाटावर ठेवला आहे, पण हात वर जातोच. एक गोष्ट राहिली. भेटणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी ‘अंगाने भरलीस हं’ असे म्हणते आणि माझी चौदा वर्षांची मुलगी शेजारी उभी असते. मी हसून स्वतःच्याच पोटावर एखादी कोटी करते आणि वेळ मारून नेते. अलीकडे तीही आरशासमोर कडेने उभी राहून पोट आत ओढताना दिसते.

निवांत

मी ५८ वर्षांची आहे आणि या सगळ्यातून पार पडले आहे, म्हणून शेवटच्या परिच्छेदाबद्दलच लिहिते. बाकीचे वर चांगले आले आहे.

त्या कोट्या आजपासून बंद करा. समोरच्याचे बोलणे मुलगी कदाचित विसरेल, आईने स्वतःच्या पोटाला लावलेले विशेषण विसरणार नाही. तिच्या वयात शरीर रुंदावते, कंबरेखाली भरते, आणि हे वाढीचा भाग म्हणून व्हायलाच हवे असते. तेच तिने घरात टिंगलीचा विषय म्हणून ऐकले तर ती स्वतःचा हिशेब मांडणारच. तिच्याशी या विषयावर मोठे व्याख्यान देऊ नका. ‘माझे शरीर या वयात बदलते आहे, तुझे त्या वयात, आणि डॉक्टरांनी माझे सगळे ठीक असल्याचे सांगितले आहे’ एवढे एकदा बोलता बोलता सांगितले की पुरते. तुमच्या ताकदीच्या व्यायामाला तिलाही सोबत घ्या, मात्र बारीक होण्यासाठी चाललो आहोत असे चुकूनही म्हणू नका.

बोलणाऱ्यांना मी ‘हो, वाढले थोडे’ असे सरळ आवाजात सांगून लगेच त्यांच्या कामाचे काही विचारत असे. हसायचे नाही, कारणे द्यायची नाहीत, तपासण्यांचे आकडे तर मुळीच सांगायचे नाहीत, कारण स्पष्टीकरण दिले की समोरचा उपाय सुचवू लागतो. जवळच्या माणसाला मात्र एकांतात, मुलीसमोर हे बोलू नकोस, असे स्पष्ट सांगावे. थोडे वाईट वाटले तर वाटू द्यावे.

आणि पँट या आठवड्यातच घ्या. दुकानात मापाचा आकडा पाहू नका, खाली बसून आणि वाकून पाहा. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळाच असतो. जुनी फेकायला मन घेत नसेल तर वरच्या कप्प्यात ठेवा, पण रोज हाताला लागेल अशा जागी नको. जाताना मुलीला बरोबर न्या आणि मोठे माप मागताना आवाज खाली आणू नका.