मदत हवी आहे: ट्रायम्फ बॉनव्हिलची ऑईलगळती थांबेना

आडवाटेचा_स्वार
सगळी पॅकिंग नवीन टाकली, सांध्यांना सीलंट लावलं, तरी ऑईल गळतंय. मोटरसायकल टी-120 मॉडेल, 1968ची. रविवारी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून निघालो आणि दहा मैलांत मागचा टायर ऑईलने माखला. वळणावर चाक सरकलं तेव्हा पोटात गोळा आला. शनिवारी परत काढायचीय. कुठलं सीलंट वापरू? लवकर सांगा.

सातारकर_बुलेट
शेलॅक (लाखेचं सीलंट) लावा. माझ्या 350 बुलेटचं चेंबर (इंजिनाचा खालचा, क्रँकचा भाग) अकरा वर्षं कोरडं आहे.

काळ्या_मुलखातला_नाना
गळतंय कुठून, ते लिहिलंच नाहीत. रॉकर बॉक्स? पुशरॉड ट्यूब? प्रायमरी चेनचं कव्हर? इंजिन धुऊन कोरडं करा, टाल्कम पावडर मारा आणि पाच मिनिटं चालू ठेवा. पावडर जिथे आधी ओली होईल, गळती तिथे.

यंत्रवेडी
माझी पैज पुशरॉड ट्यूबच्या सीलवर. सील बसवून हेड नुसतं ठेवलं, बोल्ट न आवळता, तर हेड आणि पॅकिंगमध्ये साधारण एक मिलिमीटर फट दिसायला हवी. फट नसेल तर सील दाबलं जात नाही, जास्त असेल तर हेडच नीट बसत नाही. मोजलं होतं का?

आडवाटेचा_स्वार
हेडचं काम गॅरेजवाल्याने केलं, मोजलं की नाही माहीत नाही. पावडर मारली, इंजिन कोरडंच! ऑईल येतंय ते चेंबरच्या डावीकडून मागे जाणाऱ्या नळीतून. ती बुजवून टाकू?

काळ्या_मुलखातला_नाना
अजिबात नको! तो ब्रीदर आहे. दोन्ही पिस्टन एकदम वर जातात, एकदम खाली येतात. खाली येताना चेंबरमधली हवा जाणार कुठे? नळी बुजवलीत तर आज कोरडे असलेले सांधेही गळायला लागतील. गाडी किती दिवस उभी होती?

आडवाटेचा_स्वार
सात आठवडे, आईकडे नाशिकला गेलो होतो. त्याचा काय संबंध? निघताना ऑईलच्या टाकीत ऑईल कमी दिसलं म्हणून वर भरलं, एवढंच.

यंत्रवेडी
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! या गाडीत ऑईल इंजिनाबाहेरच्या वेगळ्या टाकीत असतं. ते गेलं नव्हतं, पंपातून झिरपून चेंबरमध्ये उतरलं होतं. त्यात तुम्ही आणखी भरलंत. किक मारल्यावर तेच ब्रीदरमधून बाहेर आलं. पैज हरले मी.

मुंबईचा_जावा
टाकीच्या नळीत तोटी बसवा. उभी केली की बंद. स्वस्तात काम.

काळ्या_मुलखातला_नाना
आणि एक दिवस उघडायची राहिली तर? कोरड्या इंजिनाचे बिग-एंड शेल (कनेक्टिंग रॉडची बेअरिंग) काही मैलांत जातात. क्रँक पाहिलाय मी असा, जर्नल (बेअरिंग फिरतं ती जागा) निळी पडलेली.

मुंबईचा_जावा
तोटीला इग्निशनचा स्विच जोडला की बंद तोटीवर गाडी चालूच होत नाही. वीस वर्षं वापरतोय.

सातारकर_बुलेट
बुलेटमध्ये ऑईलची टाकी इंजिनाच्या केसिंगमध्येच असते, वेगळी नसते. बाय द वे, पेट्रोल टाकीचा गंज काढायला काय वापरता?

यंत्रवेडी
गंजाचा वेगळा धागा काढा ना. स्वार, आधी खालचा ड्रेन प्लग काढून चेंबरमधलं ऑईल मोजा. मग टायमिंग कव्हर उघडा. पॉइंट्सच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या) प्लेटवर खूण करून ठेवा, पाने विटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे घ्या. दोन नट काढले की पंप हातात येतो. लहान प्लंजर (दट्ट्या) ऑईल आत देणारा, मोठा परत खेचणारा. दोन्हींखाली स्प्रिंगवर बॉल असतो. बॉल आणि त्याची बैठक पुसा, पंपात ऑईल भरून प्लंजर दाबा, मग किंचित वर ओढा. भोकातलं ऑईल खाली सरकलं, तर बॉल बसत नाहीये.

आडवाटेचा_स्वार
प्लगमधून जवळजवळ दीड लिटर निघालं! लहान प्लंजरकडच्या बॉलखाली सीलंटचा निळा धागा अडकला होता, नखाएवढा. मीच लावलेलं.

काळ्या_मुलखातला_नाना
मग ऑईलची टाकीही काढून धुवा, नळ्याही. आणखी तुकडे असतील. कव्हर बसवताना पॉइंट्समागच्या सीलची कड उलटू देऊ नका, नाहीतर पॉइंट्सवर ऑईल येईल. शनिवार विसरा.