शिकागोची पहिली ‘स्टील फ्रेम’ बिल्डिंग आणि आपल्या गिरणीतले बिडाचे खांब, फरक नेमका काय?

सातरस्ता_सोलापूर
नमस्कार मंडळी, मुलगी पुण्याला आर्किटेक्चर करतीय, सुट्टीला आली होती तेव्हा सांगत होती की जगातली पहिली स्कायस्क्रेपर म्हणजे शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, 1885 ची, दहा मजली, आणि तिचा सगळा भार भिंतींवर नाही तर आतल्या लोखंडी सांगाड्यावर. आता माझे वडील गिरणीत साचेखात्यात (मागांच्या खात्यात) होते, लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा आत बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खांबांच्या रांगाच्या रांगा बघितल्यात, वर गर्डर, त्यावर छप्पर. आपली जुनी गिरणी तर 1877 ला सुरू झालेली. मग शिकागोवाल्यांनी नवीन काय केलं ओ? मुलीशी वाद झालाय, नीट सांगा कुणीतरी.

गर्डर_अण्णा
मालक, प्रश्न एकदम बरोबर आहे तुमचा. तीस वर्षं स्ट्रक्चरचंच काम केलंय म्हणून सांगतो. गिरणीत खांब आत असतात पण बाहेरची जाड भिंत स्वतःचा भार घेते आणि कडेच्या तुळया पण तिच्यावरच टेकलेल्या असतात, म्हणजे आत लोखंड आणि बाहेर दगड-विटा असा संसार. जेनीने (विल्यम ल बॅरन जेनी, तिथला इंजिनिअर) बाहेरच्या भिंतीच्या आत पण खांब घातले आणि भिंतीचं वजन मजल्यामजल्याला सांगाड्यावर घेतलं. हे झालं की भिंत नुसतं पांघरूण राहते, खिडक्या पाहिजे तेवढ्या मोठ्या करा. तिथंच मोनॅडनॉक म्हणून 16 मजली बिल्डिंग 1891 ची आहे, भार विटांच्या भिंतींवर, तळाला भिंत 6 फूट जाड! रस्त्याकडेच्या महागड्या जागेत 6 फूट भिंतीतच गेले तर दुकानाला काय उरणार?

आणि मटेरियलचं पण समजून घ्या. बीड दाबाला दणकट पण ताण दिला की कडकन तुटतं, म्हणून खांबाला चालतं, तुळईला धोका. तुळईला घडीव लोखंड (रॉट आयर्न). पोलाद दोन्हीला चालतं पण पोलाद स्वस्तात बनवायची बेसेमरची पद्धत (1856) येईपर्यंत ते इतकं महाग होतं की बिल्डिंगला कोण वापरणार. होम इन्शुरन्समध्ये खांब बिडाचे, सहाव्या मजल्यापर्यंत तुळया घडीव लोखंडाच्या आणि त्याच्या वर पोलादाच्या. म्हणजे पूर्ण स्टील फ्रेम ती पण नव्हतीच. पूर्ण पोलादी सांगाडा बघायचा तर 1890 ची रँड मॅकनॅली बिल्डिंग, बर्नहॅम आणि रूट या आर्किटेक्ट जोडीची, तिथंच शिकागोत.

इतिहासाच्या_बाई
अण्णांनी छान सांगितलं. मी एवढंच घालते की हे शिकागोतच का झालं. 1871 ला तिथं मोठी आग लागली, शहराचा मधला भाग जळून गेला, मग नव्याने बांधताना जागेचे भाव चढले आणि उंच जायचं तर लिफ्ट पण हाताशी होती, ओटिसची सेफ्टी लिफ्ट (दोर तुटला तरी खाली न पडणारी) 1850 च्या दशकातली. आगीत उघडं लोखंड वाकतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं म्हणून सांगाड्याभोवती भाजक्या मातीचं वेष्टण करायला लागले. गिरण्यांची गोष्ट पण आगीपासूनच सुरू होते, कापसाचा तूस आणि लाकडी तुळया, ठिणगी पडली की संपलं, म्हणून इंग्लंडात श्रूजबरीजवळ डिदरिंग्टनला 1797 मध्ये तागाच्या नव्हे, जवसाच्या सुताच्या गिरणीत बिडाचे खांब आणि बिडाच्याच तुळया वापरल्या. ती अजून उभी आहे. म्हणजे दादा, गिरणी आधी आणि स्कायस्क्रेपर नंतर, तुमचं म्हणणं इथं खरं ठरतं.

काळाघोडा_ते_कंबर_तलाव
मुंबईला जाणार असाल तर काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन बघून या, मूळचं वॉटसन हॉटेल, 1867 ते 69 मध्ये उभं राहिलं, बिडाचा अख्खा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला आणि इथं जोडलेला. आणि सांगाडा बाहेरून दिसतो, लपवलेला नाही! फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला तो इथंच, 7 जुलै 1896. 2005 मध्ये एक भाग कोसळला. मला फार वाईट वाटतं त्या इमारतीकडं बघून, आपल्याकडची एवढी मोठी वस्तू.

सातरस्ता_सोलापूर
सगळ्यांचे खूप आभार. मुलीला धागा पाठवला, ती म्हणते बाहेरची भिंत हा मुद्दा तिला पण असा कुणी सांगितला नव्हता. पण ती होम इन्शुरन्स आता आहे का? शिकागोला भाचा आहे, फोटो मागवतो म्हणलं.

गर्डर_अण्णा
नाही मालक, 1931 ला पाडली. पण पाडताना एक फार चांगलं काम केलं त्यांनी, सांगाडा उघडा पडत जाईल तसा जाणकारांनी तपासला. एका समितीने पहिली म्हणून मान्य केली, तर काही इंजिनिअर म्हणले की मागच्या भिंती विटांच्याच, खालचे ग्रॅनाइटचे खांब भार घेतायत, मग पूर्ण फ्रेम कशी म्हणायची. भाच्याला मोनॅडनॉकचा फोटो काढायला सांगा, ती उभी आहे, आणि तळाच्या भिंतीची जाडी खिडकीपाशी दिसेल अशा कोनातून घ्यायला सांगा.