स्लॅशरपट (एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचे भयपट) परत बघताना काय सापडलं? (अनुभव धागा)

रातराणी
काल 'हॅलोवीन' (१९७८) परत लागला आणि व्हीसीडीचे दिवस आठवले. शेवट पाठ असला तरी छातीत धडधडतंच. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने चौकट खूप रुंद ठेवलीय. नायिका लॉरी एका कडेला, बाकी सगळं रिकामं, आणि आपली नजर त्या रिकाम्या जागेत खुनी मायकेलला शोधत फिरते. रक्त जवळपास नाहीच. कडा कापलेल्या प्रतीत ही सगळी मजा जाते, तेव्हा मूळ रुंदीची प्रतच बघा. तुम्हाला काय सापडलं?

खारी_बिस्कीट
मायकेलचा मुखवटा! 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरच्या आत मिळालेला. डोळ्यांची भोकं मोठी केली, भुवया आणि कल्ले काढले, वर पांढरा स्प्रे. चेहऱ्यावर ना राग ना आनंद, त्यामुळे हा पुढे काय करेल याचा अंदाजच येत नाही.

सदूकाका
+१. पानगळही खोटी. शूटिंग कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. रंगवलेली पानं टाकायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या ठिकाणी न्यायची. मागची झाडं बघा, हिरवीगार आहेत.

मिनू
कुकर लावलाय, पटकन लिहिते. 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०), केविन बेकनच्या गळ्यातून येणारा बाण. डोकं तेवढं त्याचं, पलंगातून वर काढलेलं. मान-छाती नकली. ऐनवेळी पंपाची नळी निसटली, तेव्हा पलंगाखालच्या सहाय्यकाने ती तोंडात धरून रक्त फुंकलं. म्हणून ते तसं बुडबुडत येतं. हे इफेक्ट करणाऱ्या टॉम साविनीला सलाम!

ओला_रुमाल
रक्तावरून आठवलं, एकांकिकेला हवंय. कुंकवाचं पाणी गुलाबी दिसतंय. काय करू?

मिनू
लिक्विड ग्लुकोज घे, बेकरीचं सामान मिळतं तिथे असतं. १ वाटी ग्लुकोज, पाव वाटी कोमट पाणी, १ चमचा खायचा लाल रंग, पाव चमचा कोको. कोको नसेल तर दिव्यात आरपार दिसतं आणि सरबत वाटतं. पाणी जास्त झालं की गुलाबी. कपड्यावर पसरायला हवं असेल तर दोन थेंब भांड्यांचा साबण, पण तोंडात घ्यायच्या रक्तात अजिबात नको. तालमीनंतर लगेच पुसा, मुंग्या लागतात.

चकली
आपला तात्या विंचू कुणीच कसा आठवला नाही? रामदास पाध्यांची बाहुली!!

रातराणी
चकली, बाहुल्यांचा धागा वेगळा काढूया, नक्की लिही :)

खारी_बिस्कीट
'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४), पलंगातून छताकडे उसळणारं रक्त. अख्खी खोली उलटी केलेली, कॅमेरा खोलीलाच जखडलेला. लाल पाणी पडतंय खालीच, दिसतं वर जाताना.
आणि 'स्क्रीम' (१९९६). खुन्याला फोनवरचा आवाज देणारा रॉजर जॅक्सन सेटवरच असायचा, पण नटांना त्याला भेटू द्यायचे नाहीत. शिवाय त्यातला मुखवटेवाला खुनी धडपडतो, लाथा खातो, म्हणजे आत माणूस आहे. नंतरच्या बऱ्याच सिनेमांत खुनी पहिल्यापासून अजिंक्य असतो, मग पळणाऱ्या पोरांची काळजीच वाटत नाही.

सदूकाका
अगदी पटलं. पळणाऱ्याला खरी संधी असायलाच हवी.

ओला_रुमाल
मिनूताई, ग्लुकोज मिळालं! रक्त सोडायला नळी सलाइनची चालेल?

मिनू
नको, बारीक पडते, पाक अडकतो. माशांच्या टाकीची हवेची नळी घे, कॉलरमागून फिरव, टोकाला रबरी फुगा बाहीत लपव. आधी साधं पाणी भरून दाबून बघ, जोडाशी गळतं.